प्रस्तावना : माजी सैनिकांचे आरोग्य आणि राज्याचा जमाखर्च

लष्करी खर्चाचा विषय निघाला म्हणजे सामान्य वाचकाची दृष्टी तोफा, विमाने आणि युद्धनौका यांच्याकडे जाते, आणि त्यात अस्वाभाविक असे काही नाही. कारण या वस्तू डोळ्यांस दिसतात, त्यांच्या खरेदीचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात, आणि त्या निकामी झाल्या म्हणजे मोडीत काढून त्यांचे खाते एकदाचे बंद करता येते. लष्कराचा खरा ऐवज जो मनुष्य, त्याचे खाते मात्र असे बंद होत नाही. सैन्य तरुण राहिले पाहिजे या रास्त कारणास्तव शिपाई पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास सेवेतून मोकळा केला जातो, आणि त्यानंतर तीस-चाळीस वर्षे तो नागरिक म्हणून जगतो. उंच डोंगरांवरील विरळ हवेने, वाळवंटातील उन्हाने, पाठीवरच्या ओझ्याने आणि तोफांच्या आवाजाने त्याच्या शरीराची जी झीज तारुण्यात केली, तिचा तगादा बहुधा साठीच्या सुमारास सुरू होतो. आणि तोपर्यंत ज्या अधिकाऱ्यांनी त्याला सीमेवर धाडले ते निवृत्त झालेले असतात, व ज्या मंत्र्यांनी त्या मोहिमेस मंजुरी दिली त्यांची नावेही लोकांच्या स्मरणातून गेलेली असतात.

हे कालांतर किती दीर्घ असू शकते याचे दाखले अमेरिकेच्या दप्तरांत सापडतात. पहिल्या महायुद्धातील सैनिकांना दिलेल्या लाभांचा वार्षिक भार तेथे कमाल मर्यादेस पोहोचला तो 1969 साली, म्हणजे युद्ध संपून अर्धे शतक लोटल्यावर; आणि 1865 मध्ये संपलेल्या यादवी युद्धातील एका सैनिकाच्या अपंग कन्येस दरमहा 73.13 डॉलरचे निवृत्तिवेतन 2020 साली तिचा मृत्यू होईपर्यंत चालू होते. युद्ध पुकारणारे सरकार अशा रीतीने अतिदीर्घ मुदतीची एक हुंडी लिहून देत असते. ती वटवावयाची वेळ येते तेव्हा लिहिणारा हयात नसतो आणि वटवणाऱ्यास ती आपण लिहिल्याचे वाटत नाही. उलटपक्षी, सरकारचा अर्थसंकल्प हा बारा महिन्यांचा असतो. 1 एप्रिलला त्याचा जन्म होतो आणि 31 मार्चला त्याची अखेर. पिढ्यान्‌पिढ्या चालणारे ऋण आणि वर्षभरात संपणारा हिशेब या दोन कालमानांतील विसंगती हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

या विसंगतीतून जी तूट निर्माण होते तिच्याविषयी या ग्रंथाची एक प्रतिज्ञा आहे, आणि ती प्रारंभीच सांगून टाकणे इष्ट. ही तूट कागदावर रुपयांत मांडलेली असली तरी तिची भरपाई होते ती काळात, आणि तो काळ रुग्णाच्या आयुष्यातील असतो. खजिन्यात पैसा कमी पडला म्हणून कोणतेही सरकार माजी सैनिकाचा हक्क उघडपणे नाकारत नाही, तसे करण्याचे धैर्य कोणत्याही पक्षास होणार नाही. हक्क अबाधित राहतो, सनद हातात राहते, फक्त त्या सनदेचा अंमल आज व्हावयाचा तो तीन महिन्यांनी होतो. निधीचा प्रश्न आणि सुधारणेचा प्रश्न हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, असे समजून आजवर बहुतेक चर्चा झाल्या. विलंब हे दोहोंना जोडणारे सूत्र आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चर्चांतील पुष्कळसा गोंधळ दूर होतो.

जखमी शिपायाचे पालन करणे हे राज्याचे कर्तव्य होय, ही कल्पना महाराष्ट्रास परकी नाही. अफझलखानाच्या प्रसंगानंतर कामी आलेल्यांच्या कुटुंबांची काय व्यवस्था लावली गेली आणि जखमींना जखमेच्या मानाने किती होन दिले गेले, याचा निर्देश सभासदाच्या बखरीत आहे. आणि लढाईत पडलेल्यांच्या मुलांसाठी ज्या नेमणुका करून दिल्या जात त्यांस बालपरवेशी हे नावच रूढ होते. परंतु या जुन्या व्यवस्थेचे एक लक्षण असे की, तिचा हिशेब तत्काळ होई: जखम डोळ्यांनी पाहिली जाई, तिची किंमत ठरे आणि रक्कम हातावर पडे. इंग्रजी अमदानीत संस्था बदलल्या, तरी हे लक्षण फारसे बदलले नाही. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावून परतलेल्या हिंदी शिपायांना एखादा धंदा शिकवावा म्हणून 1917 साली मुंबईत क्वीन मेरीच्या नावाने तांत्रिक शाळा निघाली व ती पुढे खडकीस आली; दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944 साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले; आणि स्वातंत्र्योत्तर काळात कण्याच्या दुखापतीने लुळ्या पडलेल्या जवानांसाठी खडकीतच पुनर्वसनगृह उभे राहिले. या सर्व संस्थांचे कार्य थोर आहे, यात संदेह नाही. तथापि त्या दृश्य जखमेसाठी जन्मास आल्या. ज्याला एकही गोळी लागली नाही, पण ज्याचे गुडघे पन्नाशीत झिजले, ज्याला रक्तदाब जडला, ज्याच्या पत्नीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, त्या बहुसंख्य माजी सैनिकांचे काय, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरचा होता.

या प्रश्नाचे उत्तर द्यावयास स्वतंत्र भारतास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. मुलकी कर्मचाऱ्यांसाठी केंद्र सरकारची आरोग्य योजना 1954 साली दिल्लीत सुरू झाली व पुढे निवृत्तांनाही तिचा लाभ मिळू लागला. निवृत्त सैनिकास मात्र लष्करी रुग्णालयाचे दार, सेवेतील जवानांची गरज भागून खाट उरली तर, उघडत असे. ज्याचे घर छावणीच्या शहरात होते त्याला या सवलतीचा काही उपयोग झाला. परंतु महाराष्ट्रातील सैनिकांची गावे छावण्यांभोवती वसलेली नाहीत. ती सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर आणि कोकण या भागांत विखुरलेली आहेत. पहिल्या महायुद्धात ज्या एका गावाची 46 माणसे कामी आली ते अपशिंगे साताऱ्यापासून जवळ असले, तरी तेथील म्हाताऱ्या सुभेदारास मोठ्या आजारासाठी पुण्याचे कमांड रुग्णालय गाठणे म्हणजे सोबतीस मुलगा, एसटीचा प्रवास आणि ओळखीच्या घरचा मुक्काम या तिन्हींची तजवीज करणे होते. अशा स्थितीत 30 डिसेंबर 2002 रोजी ‘माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजने’स मंजुरी मिळाली आणि 1 एप्रिल 2003 पासून ती अमलात आली. शासकीय कागदपत्रांतील हे लांबलचक नाव लोकांनी केव्हाच टाकून दिले असून सर्वत्र ती ‘ईसीएचएस’ या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. म्हणून आम्हीही पुढे तोच शब्द वापरला आहे.

या योजनेची रचना समजावून घेतल्यावाचून तिच्या निधीचा प्रश्न समजणार नाही. निवृत्तीच्या वेळी हुद्द्यानुसार एकदाच वर्गणी भरावयाची. प्रारंभी ती 1,800 ते 18,000 रुपये होती, आणि डिसेंबर 2017 पासून शिपाई ते हवालदार यांस 30,000, सुभेदारादी कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांस 67,000 व अधिकाऱ्यांस 1,20,000 रुपये अशी ती ठरली. 1 जानेवारी 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांस ही वर्गणी माफ आहे. या मोबदल्यात स्वतः सैनिक, त्याची पत्नी, अटींस पात्र असलेली मुले आणि अवलंबित आईवडील यांस आजन्म उपचार मिळतात. वयाची मर्यादा नाही, खर्चाची कमाल मर्यादा नाही, आणि वर्गणी भरण्यापूर्वीपासून असलेला आजारही वगळलेला नाही. कोणतीही खासगी विमा कंपनी अशा अटींवर सही करणार नाही, ही गोष्ट योजनेच्या टीकाकारांनीही मान्य केली पाहिजे. उपचारांसाठी प्रारंभी 227 पॉलिक्लिनिकांना मंजुरी होती, 2010 साली त्यांत 199 ची भर पडली; नेपाळमधील गोरखा माजी सैनिकांसाठी काठमांडू, पोखरा आणि धरान येथेही ती उघडण्यात आली. पॉलिक्लिनिकात तपासणी व औषधे मिळतात. आजार मोठा असेल तर तेथून ‘रेफरल’ घेऊन रुग्णाने लष्करी रुग्णालयात किंवा यादीतील खासगी रुग्णालयात जावयाचे, तेथे पैसे द्यावयाचे नाहीत, आणि रुग्णालयाने आपले बिल केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या दरांनी ईसीएचएसकडे पाठवून वसूल करावयाचे. निकड असेल तेव्हा रेफरलची अट नाही. यादीबाहेरच्या रुग्णालयात दाखल झाल्यास मात्र 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकास कळवावे लागते.

कागदावर ही यंत्रणा निर्दोष दिसते, आणि तिने लक्षावधी कुटुंबांचे कल्याण केले आहे. हृदयाची शस्त्रक्रिया, गुडघ्याचे रोपण, डायलिसिस, कर्करोगावरील उपचार या गोष्टी निवृत्त नाईकाच्या किंवा हवालदाराच्या घरी पूर्वी जमीन विकूनच शक्य होत्या. त्या आता एका कार्डावर होतात. अशा योजनेस केवळ तिच्या दोषांवरून मोजणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु कार्डाचा भरवसा पैशाच्या प्रवाहावर अवलंबून आहे. निवृत्तीच्या वेळी एकदा भरलेली वर्गणी तीस वर्षांच्या खर्चास पुरणारी नाही, आणि ती पुरावी अशी अपेक्षाही कोणी केलेली नाही; खर्चाचा जवळजवळ संपूर्ण भार संरक्षण मंत्रालयाच्या वार्षिक तरतुदीवर पडतो. ती तरतूद 2023–24 च्या अर्थसंकल्पात 5,431.56 कोटी रुपये होती, आणि त्याच वर्षाच्या सुधारित अंदाजात ती सुमारे 70 टक्क्यांनी वाढवावी लागली. पुढील वर्षी, 2024–25 मध्ये, मूळ तरतूद पुन्हा 6,968 कोटींवर, म्हणजे आदल्या वर्षाच्या सुधारित अंदाजाच्या खालीच, ठेवण्यात आली. 2025–26 मध्ये ती 8,317 कोटी झाली. दर वर्षी अमुक टक्के वाढ, अशा शब्दांत हे आकडे जाहीर होतात, आणि ते खोटे नसतात. परंतु मूळ तरतुदीची तुलना मूळ तरतुदीशीच होत राहिल्याने, मध्यंतरी प्रत्यक्ष गरज किती होती हे झाकले जाते.

प्रारंभीची तरतूद अपुरी आणि पुरवणी मागाहून, या रिवाजाचा परिणाम पायरीपायरीने खाली उतरतो. वर्षाच्या उत्तरार्धात पैसा आटला की बिलांची छाननी मंदावते. 2012 पासून बिले ऑनलाइन पद्धतीने तपासली जाऊ लागल्याने कागदांचे ढीग कमी झाले, पण तपासलेल्या बिलास पैसा नसेल तर संगणक तो कोठून आणणार? थकलेली बिले नव्या वर्षाच्या तरतुदीतून फेडली जातात आणि नवे वर्ष जुन्या कर्जाने सुरू होते. मोठी रुग्णालये हा भार काही काळ सोसतात. जिल्ह्याच्या ठिकाणचे पंचवीस-पन्नास खाटांचे रुग्णालय, जे साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या रुग्णास खऱ्या अर्थाने जवळचे, ते आधी ‘खाट रिकामी नाही’ असे सांगू लागते, मग ठरावीक शस्त्रक्रियांपुरतेच रुग्ण घेते, आणि शेवटी यादीतून आपले नाव काढून घेते. दरांचा प्रश्न या वाटेने अधिकच बिकट झाला: 2014 साली ठरलेल्या दरांची सर्वंकष फेररचना 2025 सालापर्यंत लांबली, आणि मधल्या काळात ज्या उपचारात रुग्णालयास तोटा तो टाळण्याची व ज्यात नफा तो वाढवण्याची प्रवृत्ती बळावली. पॉलिक्लिनिकाच्या औषधखिडकीवर ‘एन.ए.’ (उपलब्ध नाही) असा शेरा मिळाला म्हणजे रक्तदाबाची गोळी बाहेरून विकत घ्यावी लागते किंवा आठवड्याने पुन्हा यावे लागते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या योजनेची तपासणी करताना औषधांचा तुटवडा, बिलांचा विलंब आणि रुग्णालयांची जादा आकारणी या तिन्ही गोष्टींवर बोट ठेवले. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही थकबाकीकडे वारंवार लक्ष वेधले. अर्थखात्यातील कमतरता एवढ्या पायऱ्या उतरून ज्याच्या वाट्यास येते तो पंचाहत्तर वर्षांचा मनुष्य असतो, आणि ती ‘पुढच्या सोमवारी या’ या शब्दांत त्याच्या कानी पडते.

या ठिकाणी अमेरिकेच्या अनुभवाकडे वळणे उपयुक्त ठरेल. तेथील व्यवस्था आपल्याहून अगदी भिन्न आहे, तरी विलंबाचे सूत्र तेथेही तितकेच स्पष्ट दिसते. आपण मुख्यतः इतरांची सेवा विकत घेतो. अमेरिकेने स्वतःची रुग्णालये बांधली. 1930 साली सर्व जुनी खाती एकत्र करून ‘व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशन’ स्थापन झाले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल ओमर ब्रॅडली यांच्या कारकीर्दीत, 1946 साली, ही रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडण्याचा दूरदर्शी निर्णय झाला; त्यायोगे दूरच्या, दुय्यम समजल्या जाणाऱ्या रुग्णालयांस उत्तम अध्यापक व तरुण डॉक्टर लाभले. आज तेथे सुमारे नव्वद लाख माजी सैनिकांची नोंद असून या खात्याची सुमारे 170 वैद्यकीय केंद्रे आहेत. 1994 ते 1999 या काळात डॉ. केनेथ कायझर यांनी या अवाढव्य यंत्रणेची जी पुनर्रचना केली, तिच्या मुळाशी निधिवाटपाचा एक साधा विचार होता. तोवर रुग्णालयास पैसा मिळे तो गतवर्षी किती मिळाला यावरून. त्यामुळे वस्ती ओसरलेल्या ईशान्येकडील रुग्णालयांस पैसा मुबलक आणि निवृत्तांनी गजबजलेल्या दक्षिणेकडे टंचाई, अशी स्थिती झाली होती. कायझर यांनी देशाचे 22 विभाग पाडले आणि 1997 पासून पैसा रुग्णांच्या संख्येमागे व त्यांच्या आजाराच्या गांभीर्यामागे जावा असे सूत्र बसवले. खाटा कमी झाल्या, बाह्यरुग्ण दवाखाने वाढले, आणि जे खाते एकेकाळी निष्काळजीपणाचे उदाहरण म्हणून सांगितले जाई, ते काही वर्षांत गुणवत्तेचे उदाहरण म्हणून अभ्यासले जाऊ लागले.

परंतु एका प्रश्नास या पुनर्रचनेने स्पर्श केला नव्हता. अमेरिकेची काँग्रेस वार्षिक खर्चाची विधेयके क्वचितच वेळेवर मंजूर करी, आणि तोवर रुग्णालयांना नव्या डॉक्टरांची नेमणूक किंवा यंत्रांची खरेदी करता येत नसे. यावर 2009 साली एक कायदा झाला आणि आरोग्यसेवेचा निधी एक वर्ष आगाऊ मंजूर करण्याची प्रथा पडली. 2013 च्या ऑक्टोबरात राजकीय झगड्यामुळे संघ सरकारची कित्येक खाती बंद पडली तेव्हा माजी सैनिकांची रुग्णालये मात्र चालू होती, ती याच कायद्याच्या बळावर. या सुधारणेने मथळे मिळवले नाहीत. मथळे मिळाले ते पुढील वर्षी फीनिक्स शहरातील रुग्णालयास. चौदा दिवसांत भेट मिळालीच पाहिजे असे वरून फर्मान सुटले, त्या उद्दिष्टावर अधिकाऱ्यांची बढती व बक्षिसे अवलंबून ठेवली गेली, आणि डॉक्टरांची संख्या मात्र मागणीच्या मानाने वाढली नाही. तेव्हा आकडा साधण्यासाठी दप्तराबाहेर निराळ्या याद्या ठेवल्या गेल्या. किमान 1,700 माजी सैनिकांची नावे अधिकृत प्रतीक्षायादीत नव्हतीच, असे तपासात निष्पन्न झाले, आणि 30 मे 2014 रोजी खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी, जे स्वतः युद्धात जखमी झालेले जनरल होते, त्यांस पायउतार व्हावे लागले. विलंब मोजण्यास प्रारंभ केला पण तो दूर करण्याचे साधन दिले नाही, तर विलंब नाहीसा न होता केवळ कागदावरून नाहीसा होतो, हा धडा आपल्याकडील प्रत्येक खात्याने घेण्याजोगा आहे.

त्यानंतर अमेरिकेने जे केले ते विशेष मननीय. त्याच वर्षी चाळीस मैल दूर राहणाऱ्या किंवा तीस दिवस थांबावे लागणाऱ्या सैनिकास खासगी डॉक्टरकडे जाण्याची मुभा मिळाली, आणि 2018 च्या कायद्याने ती अधिक व्यापक झाली. म्हणजे स्वतःची रुग्णालये असलेला देश हळूहळू सेवा विकत घेण्याकडे, म्हणजे आपल्या वाटेकडे, वळला. त्याबरोबर आपल्याकडील व्याधीही तेथे शिरली: बाहेरच्या बिलांचा आकडा फुगत जातो आणि स्वतःच्या रुग्णालयांच्या वाट्याचा पैसा त्यात ओढला जातो की काय, ही भीती तेथे आज उघडपणे बोलली जाते. याउलट 2022 च्या ऑगस्टात, इराक व अफगाणिस्तानातील छावण्यांत कचरा जाळण्याच्या खड्ड्यांतून निघालेल्या विषारी धुराने आजारी पडलेल्यांसाठी जो कायदा झाला, त्याने दोन मूलगामी गोष्टी केल्या. विशिष्ट भागात सेवा आणि विशिष्ट आजार हे दोन्ही असतील तर कारणसंबंध गृहीत धरला जाईल, सैनिकास तो सिद्ध करीत बसावे लागणार नाही, ही एक. आणि या खर्चासाठी युद्धाचाच खर्च असे नाव असलेला स्वतंत्र निधी उभारण्यात आला, ही दुसरी. औषधाचा खर्च हा त्याच मोहिमेच्या खर्चाचा उत्तरार्ध आहे, हे एवढ्या स्पष्टपणे कायद्यात मान्य झाल्याची उदाहरणे जगात विरळाच. ब्रिटनने तिसरा मार्ग पत्करला होता. तेथे निवृत्तिवेतन मंत्रालयाची स्वतंत्र रुग्णालये 1953 साली राष्ट्रीय आरोग्य सेवेत विलीन झाली, आणि सेवेमुळे उद्भवलेल्या आजारास प्राधान्य, एवढाच विशेषाधिकार माजी सैनिकाकडे राहिला. जेथे प्रत्येक नागरिकास उपचार मिळतो तेथे हा मार्ग शोभून दिसतो; आपल्याकडे, जेथे सार्वजनिक रुग्णालयांची स्थिती सर्वांस विदित आहे, तो अनुसरणे म्हणजे सैनिकास एका रांगेतून काढून दुसऱ्या, अधिक लांब रांगेत उभे करणे होय.

या तुलनेतून आमच्या मते ज्या सुधारणा सुचतात, त्यांचा सविस्तर विचार ग्रंथाच्या उत्तरार्धात केला आहे. येथे केवळ निर्देश करतो. पहिली ही की, ईसीएचएसची मूळ तरतूद आदल्या वर्षाच्या प्रत्यक्ष खर्चावर आणि मागील थकबाकीवर आधारलेली असावी, व पुढील वर्षाचा काही भाग आगाऊ मंजूर व्हावा. पुढील दहा वर्षांत किती जण निवृत्त होणार हे लष्कराच्या भरतीच्या नोंदींतच लिहिलेले असल्याने या खर्चाइतका अगोदर सांगता येणारा खर्च सरकारपाशी दुसरा क्वचितच असेल. दुसरी ही की, पॉलिक्लिनिक हा केवळ रेफरलचा शिक्का मारणारा नाका न राहता खरोखरीचा दवाखाना व्हावा. आज तेथील डॉक्टर व कर्मचारी कंत्राटी आहेत, आणि मुदत संपत आली की चांगला डॉक्टर दुसरीकडे जातो. मधुमेहाच्या रुग्णास जर एकच वैद्य वर्षानुवर्षे पाहत राहिला, तर पुढे मूत्रपिंडासाठी खासगी रुग्णालयास द्यावी लागणारी मोठी रक्कम पुष्कळ अंशी टळते. तिसरी ही की, ब्रॅडली यांच्या धोरणापासून बोध घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांशी या दवाखान्यांचा नियमित संबंध जोडावा. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत अशी महाविद्यालये अनेक जिल्ह्यांत निघाली आहेत, आणि सैनिकांचे जिल्हे त्यांत आहेत.

या प्रतिपादनास जे आक्षेप घेतले जातील ते आम्हास ठाऊक आहेत. लोकांना साधा दवाखाना दुर्लभ असताना एका वर्गास अमर्याद उपचार का, असे एक मत आहे, आणि ते तुच्छ मानण्याजोगे नाही. त्यास उत्तर इतकेच की, सैनिकाने सेवेच्या अटी मान्य केल्या तेव्हा राज्यानेही काही अटी मान्य केल्या. सार्वत्रिक आरोग्यसेवा हे राज्याचे ध्येय आहे आणि ही त्याची करारबद्ध देणी आहेत, व देणी बुडवून ध्येय साधता येत नाही. दुसरा आक्षेप अपव्ययाचा: मर्यादा नसेल तेथे अनावश्यक तपासण्या, लांबवलेले मुक्काम आणि फुगवलेली बिले येणारच. हे सत्य आहे, आणि लेखापरीक्षणाने त्यावर प्रकाश टाकलाही आहे. परंतु ज्या रुग्णालयाचे प्रामाणिक बिल सहा महिने अडकते त्याला बिल फुगवण्याचे कारण आपणच पुरवीत असतो. वेळेवर पैसा आणि कडक तपासणी या एकाच सुधारणेच्या दोन बाजू होत. तिसरा मार्ग काही जण सुचवतात तो वचनच आखूड करण्याचा. 2022 साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीरास निवृत्तिवेतन नाही आणि ईसीएचएसचे कार्डही नाही. शासनाच्या भावी खर्चास यामुळे आळा बसेल, यात शंका नाही. परंतु चार वर्षांत गुडघ्यास किंवा कानास झालेली इजा वीस वर्षांनी डोके वर काढील तेव्हा ती ज्याच्या ताळेबंदात जाईल तो ताळेबंद एखाद्या कुटुंबाचा असेल, इतकेच. ऋण नाहीसे होत नाही, ऋणको बदलतो.

ग्रंथाच्या रचनेविषयी दोन शब्द. पहिल्या भागात सैनिककल्याणाचा इतिहास आहे, दुसऱ्यात ईसीएचएसची घडण व तिचे जमाखर्च, तिसऱ्यात परदेशांचे अनुभव, आणि चौथ्यात सुधारणांचा विचार. ज्याला केवळ निधीच्या प्रश्नात रस आहे त्याने दुसरे व चौथे भाग आधी वाचले तरी चालतील. आकडेमोड शक्य तेथे टाळली आहे, पण सर्वत्र टाळता आलेली नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांचा कंटाळा हा या विषयाचा जुना शत्रू आहे, कारण त्या कंटाळ्याच्या आडच तूट सुखाने नांदते. वीरगाथा, समारंभ आणि मानवंदना यांना या पानांत स्थान नाही, ते अनादरामुळे नव्हे. त्यांचे वाङ्मय विपुल आहे आणि औषधखिडकीचे वाङ्मय नाही, एवढ्याच कारणाने.

शेवटी, वाचकाने या ग्रंथातून एकच मागणी उचलावी असे कोणी आम्हास विचारले, तर ज्या मागणीस जवळजवळ काही खर्च लागत नाही ती आम्ही पुढे करू. दर वर्षी अर्थसंकल्पासोबत प्रत्येक पॉलिक्लिनिकाविषयी तीन आकडे प्रसिद्ध व्हावेत: 31 मार्च रोजी रुग्णालयांची किती बिले किती दिवस थकली होती, वर्षभरात किती नुस्ख्यांवरील औषधे मिळाली नाहीत, आणि रेफरल मिळाल्यापासून प्रत्यक्ष उपचार होईपर्यंत सरासरी किती दिवस गेले. फीनिक्सचे उदाहरण पाहता हे आकडे खात्याने स्वतः न मांडता महालेखापरीक्षकांनी पडताळून मांडावेत, आणि त्यांवर कोणाची बढती अवलंबून ठेवू नये. हे तीन आकडे समोर असले म्हणजे तरतूद पुरेशी आहे की नाही या वादात मंत्री, अधिकारी आणि संघटना यांच्या म्हणण्यावर विसंबण्याची गरज राहणार नाही. आणि संसदेत पुढील मागणीवर मतदान करणाऱ्या सदस्यास आपण आज वाचवलेला रुपया कोणाच्या किती दिवसांनी फेडला जाणार आहे, हे मत देण्यापूर्वीच ठाऊक असेल.